पॅन्थिऑनच्या कपाळावरचं नाव

रोममध्ये पॅन्थिऑनसमोर आइस्क्रीम चाटत उभ्या असलेल्या गर्दीत वरची कोरीव ओळ वाचणारे थोडेच. लॅटिन येत नसलं तरी एक नाव लागतं : अग्रिप्पा. तिसऱ्यांदा कॉन्सल असताना त्याने हे बांधलं, असं ती ओळ सांगते. सालाचा आकडा नाही. त्या वर्षीचे दोन कॉन्सल ठाऊक असले की रोमनांना वर्ष कळायचं. हे वर्ष इ.स.पू. २७. आजची इमारत नंतरची, सम्राट हेड्रियनच्या काळातली. श्रेय मात्र अग्रिप्पाचंच राहू दिलंय. असं मोठं मन सत्ताधाऱ्यांत क्वचितच दिसतं.

राजाला हाकलल्यावर, परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये, रोमनांनी त्याची सत्ता दोन कॉन्सलांत वाटली आणि तीही वर्षापुरतीच दिली. युद्धात सेनापती तेच, सिनेटची बैठक बोलावणारेही तेच. प्रत्येकापुढे बारा लिक्टर, म्हणजे चोपदारच, काठ्यांच्या जुड्या खांद्यावर घेऊन चालत. शहराच्या हद्दीत जुडीतली कुऱ्हाड काढावी लागे. एका कॉन्सलचा हुकूम दुसऱ्याला अडवता येई.

पण अडवणाऱ्याच्या अंगात तेवढा जोर हवा. इ.स.पू. ५९ मध्ये कॉन्सल बिब्युलस सहकारी सीझरच्या आड आला, तर भर फोरममध्ये त्याच्यावर शेण ओतलं गेलं आणि त्याच्या लिक्टरांच्या जुड्या मोडल्या. मग स्वारी घरात बसून अपशकुन जाहीर करत राहिली. लोक म्हणू लागले, यंदाचे कॉन्सल दोन : ज्युलियस आणि सीझर.

पॅन्थिऑनच्या दर्शनी बाजूच्या डावीकडून वळलं की गल्लीत विटांच्या जुन्या भिंतीचा तुकडा लागतो. हा सेप्टा ज्युलिया या मतदान-आवाराचा अवशेष. हा सगळा भाग तेव्हा शहराच्या हद्दीबाहेरचं मैदान होता आणि कॉन्सल इथेच निवडले जात. मतदान १९३ गटांचं. श्रीमंतांचे गट आधी, आणि दोन्ही जागांचं बहुमत झालं की काम आटोपलं. गरिबांची पाळी बहुधा यायचीच नाही.

सीझरने योजलेलं हे संगमरवरी मतदान-आवार इ.स.पू. २६ मध्ये पुरं केलं ते अग्रिप्पानेच. तोवर त्याचा मित्र ऑगस्टस सर्वेसर्वा झाला होता. इ.स. १४ मध्ये त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस याने निवडणूक सिनेटकडे नेली. आवारात ग्लॅडिएटरांचे खेळ होऊ लागले, पुढे चैनीच्या वस्तूंची दुकानंही लागली. कॉन्सल मात्र सहाव्या शतकापर्यंत होतच राहिले, सम्राटाच्या मर्जीने.