मिरचीच्या पानाखाली

भातं झोडून झाली की जयगडला घरोघरच्या परड्यात मिरची उभी राहते. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या किल्ल्याच्या आसपास, जांभ्याच्या गडग्याआड, जेमतेम चार वाफे. पौषात एखादे दिवशी मळभ येतं. मोहोराच्या काळजीने आंब्याकडे पाहणारी माणसं मग मिरचीची कोवळी पानंही उलटून बघतात. खाली हिरवट-काळपट मावा दाटीने बसलेला असतो.

माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट जिवंत पिल्लं देते आणि आठवड्या-दीड आठवड्यात ती पिल्लंही व्यायला लागतात. शेंडे आकसतात, पानांवर गोड चिकटा साचतो, त्यावर काळी बुरशी धरते. चिकट्याच्या ओढीने मुंग्या येतात आणि माव्याची राखण करतात. शिवाय एका झाडाचा विषाणूजन्य रोग हा मावा दुसऱ्या झाडावर नेतो. अशा वेळी फवारणीच्या पंपाकडे हात गेला तर मला नवल वाटत नाही. तरी माझं सांगणं आहे, थोडं थांबा.

कारण त्याच पानावर कुणीतरी आलेलं असतं. ढालकिडा! जेमतेम पाच मिलिमीटरचा, पिवळसर-नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा. बोट लावलं तर पाय पोटाशी घेऊन मेल्यासारखा पडतो, सांध्यांतून कडवट पिवळा थेंब सोडतो. तो देखणा, म्हणून सुटतो. मरते ती त्याची अळी. काळी, खरबरीत, सहा पायांची, मगरीच्या पिलासारखी. तिच्यासारखी खादाड दुसरी नाही. वाढीच्या त्या थोड्या दिवसांत ती शेकड्यांनी मावा फस्त करते. पण तिला पाहून माणूस दचकतो आणि चिरडतो. माव्याशेजारी उभ्या लावलेल्या तिच्या पिवळ्या अंड्यांचे पुंजकेही कीड समजून पुसले जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

मावा असेल तिथेच ढालकिड्याची मादी अंडी घालते. एकही मावा न खपणाऱ्या परड्यात ती येईलच कशी? आणि जहाल औषधाने दोघंही मेले, तर पुन्हा भराभर वाढतो तो मावाच.

ऑस्ट्रेलियातून नेलेल्या अशाच एका ढालकिड्याने 1888 नंतर कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा वाचवल्या. इतकं लांब कशाला? 2002 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला, तेव्हा कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. त्यांच्या अळ्या असलेली पानं या फडातून त्या फडात गेली. घाटावर जे उसाला जमलं, ते चार वाफ्यांच्या मिरचीला का जमू नये?

एक भेद मात्र ओळखावा. वांग्याची पानं खरवडून जाळी करणारा भुंगेरा याच कुळातला, पण निस्तेज, बारीक लव असलेला, पाठीवर पुष्कळ ठिपक्यांचा. त्याला खुशाल वेचून काढा.

मिरचीच्या कडेने चवळीची एक ओळ लावा. चवळीवर आधी मावा येतो, त्यामागे ढालकिडा. मिरचीवर मावा फारच वाढला तर शेंडे खुडा, 5 टक्के निंबोळी अर्क मारा, तोही अळ्या दिसत नसलेल्या झाडांवर. आणि पान उलटल्यावर ती काळी, कुरूप अळी दिसली, तर तिला तिथेच राहू द्या.