सूडदेवता आणि एक रेषा

जॉन फ्लॅक्समन (१७५५–१८२६) या इंग्रज शिल्पकाराने ग्रीक नाटककार एस्किलसच्या शोकांतिकांवर शाईने रेखाटने केली. त्यांपैकी एकात क्लायटेम्नेस्ट्राचे भूत झोपलेल्या सूडदेवतांना उठवते आहे. प्रसंग 'यूमेनिडीस' या नाटकाच्या आरंभीचा, नाटक इ. स. पू. ४५८ मध्ये अथेन्सला सादर झाले. आई क्लायटेम्नेस्ट्राला मारून ओरेस्टेस डेल्फीच्या मंदिरात अपोलोला शरण आला आहे. पाठलागावरच्या सूडदेवतांना देवाने तिथेच निजवले आहे, आणि मेलेली आई त्यांना हाका मारते आहे. सूडदेवतांचा हा वृंद रंगमंचावर येताच मुले बेशुद्ध पडली, अशी आख्यायिका एस्किलसच्या प्राचीन चरित्रात आहे.

एवढे भय फ्लॅक्समनने नुसत्या रेषेवर पेलले. ती रेषा त्याच्या हाती लहानपणीच आली. वडील प्लास्टरच्या प्रतिकृती बनवून विकत. प्रकृतीने नाजूक असलेला मुलगा दुकानातल्या ग्रीक-रोमन मूर्ती पाहत चित्रे काढी. १७७५ पासून तो जोसाया वेजवुडच्या मातीच्या भांड्यांच्या कारखान्यासाठी उठावाचे नमुने करू लागला. निळ्या पात्रावरची पांढरी आकृती कडेवरूनच ओळखू यावी लागते. कामाने त्याला हे शिकवले. १७८७ मध्ये तो पत्नी ॲनसह रोमला गेला आणि सात वर्षे राहिला. तिथे होमरची चित्रे झाली, पाठोपाठ काउंटेस स्पेन्सरच्या मागणीवरून एस्किलसची. तोमासो पिरोलीने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि १७९५ मध्ये संच प्रसिद्ध झाला.

याच काळात चित्रकार हेन्री फ्युसेली मॅकबेथच्या चेटकिणी गडद अंधारातून बाहेर काढत होता. फ्लॅक्समनच्या चित्रांत अंधारच नाही. छायाप्रकाश टाळलेला, पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी. भुताला आणि जिवंत माणसाला तो एकाच जाडीची रेषा देतो. त्यामुळे अलौकिक आकृती धुरकट राहत नाही. ती माणसाइतकीच खरी वाटते आणि तिचे दुःखही माणसाचे होते. बाह्यरेषा जे सोडून देते ते पाहणाऱ्याची कल्पना पुरे करते, असे जर्मन समीक्षक ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेलने १७९९ च्या निबंधात मांडले. या चित्रांची थोरवी यापेक्षा नेमकी सांगता येणार नाही.

इंग्लंडला परतल्यावर फ्लॅक्समनचे बरेचसे आयुष्य स्मारके घडवण्यात गेले. त्यांतले एक तंजावरला आहे. तिथले मराठे राजे सरफोजी दुसरे यांनी आपले पालक व शिक्षक, मिशनरी श्वार्त्झ यांच्यासाठी ते करवून घेतले. १७९८ मध्ये निधन पावलेल्या श्वार्त्झ यांच्या मृत्युशय्येपाशी स्वतः राजे उभे आहेत, असे हे संगमरवरी उठावशिल्प आहे. एस्किलसच्या चित्रात मृत आई न्याय मागते. इथे एक शिष्य गुरूला निरोप देतो. दोन्हीकडे शोक उभा राहतो तो शरीराच्या ठेवणीतून आणि स्वच्छ कडेतून.

१८१० मध्ये रॉयल अकादमीने त्याला शिल्पकलेचा पहिला प्राध्यापक नेमले. १८१७ मध्ये त्याची हेसिअडवरची चित्रे प्रसिद्ध झाली. ती त्याचा मित्र विल्यम ब्लेक याने कोरली होती. मृत्यूनंतर मेहुणी मारिया डेनमन हिने त्याच्या कार्यशाळेतले प्लास्टरचे नमुने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिले. ते तिथे आजही आहेत.