एक फ्रेम, दोन नळ्या

अमेरिकेच्या कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तिची फ्रेम. चाप, घोडा आणि नळी अडकवायचा सांधा ज्याच्यात असतो तो पोलादाचा मधला तुकडा. अनुक्रमांक त्याच्यावर कोरलेला असतो, दुकानात भरायचा अर्ज त्याच्यासाठी असतो, आणि एफबीआयकडून होणारी पार्श्वभूमीची तपासणीही त्याच्यासाठीच. नळी हा नुसता सुटा भाग. ती टपालाने थेट घरी येऊ शकते. ओहायोत शिकारीचा परवाना काढायचं ठरलं तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ही गोष्ट आधी समजावून सांगितली. आयुष्यभर सुतारकाम केलेले आणि तितकीच वर्षं हरणांमागे हिंडलेले ते. "फ्रेम एकदाच घ्या, पण जपून घ्या," एवढाच त्यांचा सल्ला होता.

माझ्या घराला बंदूक नवीन नव्हती. तळकोकणात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, वरून पुन्हा चिंधी, आणि सगळं गजाने ठासायचं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि आजोबा माळ्यावर जागायचे. बहुतेक वेळा हवेत बार काढून पिटाळायचंच काम. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे, आणि ती परत येईपर्यंत डुकरांचं फावे. "बार एकच आसा. आदी बघ, मगे चाप वड," असं ते मला सांगायचे. मी स्वतः तिथे कधी शिकार केली नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती करायचा प्रश्नच नव्हता, आणि तो कायदा हवाच होता असं माझं मत आहे.

ओहायोचं चित्र वेगळं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून पांढऱ्या शेपटीचं हरीण जवळजवळ नाहीसं झालं होतं. मग संरक्षण आलं, जंगल पुन्हा वाढलं, आणि १९४३ साली फक्त तीन काउंट्यांत बंदुकीचा हंगाम उघडला. त्या साली १६८ हरणं मारली गेली. आज हीच हरणं सोयाबीन आणि मका फस्त करतात आणि रात्री मोटारींपुढे येतात. नव्या रायफलीवर आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो, आणि १९३७च्या एका कायद्यामुळे तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. शिकाऱ्याने भरलेल्या पैशातून हरणांची संख्या राखली जाते, ही व्यवस्था मला पटली. आणि घरी मटण खायचंच असेल तर ते कुठून आलं, कसं मेलं, हे आपल्या हाताला ठाऊक असावं असं फार दिवस वाटत होतं. लेकीने माझ्याबरोबर शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि बंदुकीची गरज खरी झाली.

अडचण हंगामांची होती. ओहायोत हरणासाठी बाटलीसारख्या निमुळत्या मानेच्या काडतुसाची रायफल चालत नाही. गोळी फार लांब जाते, आणि वस्ती दाट आहे. पूर्वी बहुतेक जण शॉटगनमधून जाड स्लग मारत. २०१४पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना मुभा मिळाली. वसंतातल्या टर्कीसाठी मात्र छऱ्यांची शॉटगनच लागते. सशालाही तीच बरी. खारीला बावीसची छोटी रायफल. तीन तऱ्हेची शिकार म्हणजे तीन बंदुका, दोन दुर्बिणी आणि एक मोठं कपाट. लेकीच्या कॉलेजसाठी पैसे बाजूला पडत होते, त्या वर्षांत हे परवडणारं नव्हतं. त्यात लेक डावखुरी. बोल्टच्या रायफली बहुतेक उजव्या हाताच्या. डावखुऱ्यांसाठीच्या कमी आणि महाग. मधे मोडून काडतूस भरायची एकबारी रायफल दोन्ही हातांना सारखीच. बोल्टची लांबी वाचल्याने तीच नळी असूनही ती आखूड भरते, आणि झाडाला बांधलेल्या मचाणावर तेवढी आखूड बंदूक फार सोयीची. ओहायोत हरणाच्या बंदुकीत तसेही तीनहून जास्त बार भरता येत नाहीत, म्हणून एकाच बाराने फार काही गमावतो असंही नाही.

पहिल्यांदा मन गेलं ते थॉम्पसन/सेंटरच्या एन्कोरवर. वॉरेन सेंटर नावाच्या बंदूककाराने १९६७ साली कंटेंडर नावाचं एकबारी पिस्तूल काढलं आणि नळ्या बदलायची कल्पना अमेरिकेत घरोघरी नेली. एन्कोर हे तिचं थोरलं, दणकट भावंड. सांध्याची खीळ ठोकून बाहेर काढायची, नळी उचलायची, दुसरी बसवायची. कारखान्यात पाठवायची गरज नाही, कुठलीही एन्कोरची नळी कुठल्याही एन्कोरच्या फ्रेमवर बसते. कंटेंडरची मात्र तिच्यावर बसत नाही. जुना माल घेणाऱ्याने हे आधी पाहावं. मी दुकानात एक हातात घेतली. बंद होतानाचा तो घट्ट, एकच आवाज अजून आठवतो. पण नुसत्या एका सुट्या नळीच्या किमतीत दुसऱ्या कंपनीची अख्खी जुनी रायफल येत होती.

एन्कोरबद्दल आणखी एक सांगायला हवं. ही फ्रेम पिस्तूल म्हणूनही वापरता येते आणि रायफल म्हणूनही. खांद्याला लावायचा दस्ता आणि १६ इंचांपेक्षा आखूड रायफलची नळी एकत्र आली की नोंदणीशिवाय ती बंदूक बाळगणं केंद्रीय गुन्हा होतो. शॉटगनला ही मर्यादा १८ इंचांची आहे. कंटेंडरच्या पिस्तुलासोबत दस्ता आणि लांब नळी एकाच संचात विकली म्हणून सरकारने कर मागितला, आणि तो वाद १९९२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला: संच नुसता जवळ असण्याने आखूड रायफल बनत नाही. निकाल शिकाऱ्यांच्या बाजूचा असला तरी ज्या घरात पोरं हौसेने बंदूक उघडून पाहणार, त्या घरात आखूड नळी असूच नये असं मी ठरवलं.

त्यात २०२१ साली थॉम्पसन/सेंटर विकायला काढल्याची बातमी आली. दुसरा, स्वस्त पर्याय म्हणजे एच अँड आरची एकबारी हॅंडी-रायफल; ती तर २०१५लाच बंद झाली होती. १८७१ साली सुरू झालेलं हे मॅसॅच्युसेट्सचं नाव. साधी, जड, शेतकऱ्याच्या खिशाला परवडणारी बंदूक. तिच्या नळ्या एन्कोरसारख्या आपण बसवायच्या नसत. फ्रेम कारखान्याला पाठवायची, तिथे हव्या त्या नळ्या घासून बसवून द्यायचे. कारखाना बंद म्हणजे ती सोय संपली. इथेच माझा निर्णय ठरला. बंद पडलेल्या कारखान्याची फ्रेम घ्यायची तर पुढे कधीतरी नळी मिळेल या आशेवर घेऊ नये. ज्या नळ्या आपल्याला लागणार आहेत त्या तिच्यावर आधीच बसवलेल्या असतील, तरच घ्यावी. मग ती स्वस्त पडते, आणि कुठली कंपनी पुढे कुणाच्या हातात जाते याची काळजी उरत नाही.

शोधत शोधत एका खेड्यातल्या दुकानात हॅंडी-रायफल सापडली, सोबत कारखान्यातच बसवलेल्या दोन नळ्या: ४४ मॅग्नम आणि २० गेज. फ्रेम एसबी-२, म्हणजे रायफलच्या दाबासाठी केलेली. या घराण्यात एसबी-१ नावाची मऊ फ्रेमही आहे, ती फक्त शॉटगनच्या हलक्या दाबाची. एसबी-२वर छऱ्यांची नळी चालते. एसबी-१वर रायफलची नळी चढवणं म्हणजे तोंडाजवळ फुटेल असं काहीतरी धरणं. बाहेरून दोन्ही भावंडं सारखी दिसतात, म्हणून शेजारच्या बाबांनी दुकानातच अनुक्रमांक आणि खुणा नीट पाहायला लावल्या.

मग त्यांनी ती हाताळून दाखवली. नळी बंद करून उजव्या-डाव्या बाजूला जोर लावला. सांधा खुळखुळत नव्हता. बंद नळी आणि फ्रेममधल्या फटीत कागदाची पट्टी सरकवून पाहिली. घोडा चढवून अंगठ्याने हळूच खाली आणला. या बंदुकीत चाप ओढलेला असेल तरच एक पट्टी वर येऊन घोड्याचा ठोका सुईला पोचवते. घोडा नुसता खाली पडला किंवा आपटला तर बार होत नाही. रिकामं काडतूस घालून उघडलं तर ते टणकन बाहेर उडालं. काही नळ्या काडतूस उडवतात, काही नुसतं वर उचलतात. कडा असलेल्या काडतुसांना, म्हणजे ४४ मॅग्नम, ३५७ मॅग्नम किंवा ४५-७०ला, मोडणारी बंदूक फार सोपी जाते, कारण उचलणाऱ्या दाताला धरायला ती कड असते.

३५० लेजंड हे काडतूस तेव्हा ओहायोत सगळ्यांच्या तोंडी होतं. धक्का कमी, गोळी वेगवान, किंमत बरी. पण ते २०१९ साली आलं, आणि हॅंडी-रायफल त्याआधीच संपलेली. तिच्यासाठी कारखान्याने ती नळी कधी केलीच नाही. ४५-७०चा मोह मी मुद्दाम टाळला. हलक्या एकबारी रायफलीत ते खांद्याला जी लाथ मारतं, ती खाऊन शिकणारी मुलगी डोळे मिटायला शिकेल, नेम धरायला नाही. ४४ मॅग्नमच्या रायफलीत सरावाला ४४ स्पेशलची मवाळ काडतुसं चालतात. त्या वर्षी देशभर काडतुसांचा दुष्काळ होता, दुकानांच्या फळ्या रिकाम्या. सरळ भिंतीची जुनी पितळी काडतुसं घरी पुन्हा भरणं सोपं असतं, आणि बाबांच्या तळघरात तो सगळा सरंजाम होता. त्यांच्याच पितळावर आमचा पहिला हंगाम निघाला.

नळी बदलण्याचा खरा फायदा मला मैदानावर गेल्यावर कळला. दुर्बीण फ्रेमवर नसते, नळीवर असते. नळी काढली की दुर्बीण तिच्यासोबत जाते आणि परत येताना नेमही घेऊन येते. मात्र पूर्ण भरवसा ठेवायचा नसतो. नळीखालच्या लाकडी मुठीचा स्क्रू दरवेळी सारख्याच जोराने आवळायला हवा. जास्त आवळला की नेम सरकतो. म्हणून नळी बदलली की दोन-तीन बार कागदावर, मगच रान, असा नियम आम्ही केला. काडतूस साधं असल्याने १०० यार्डांच्या आतच मारायचं. पुढे गोळी झपाट्याने खाली पडते, आणि या झाडीत तेवढंच दिसतं.

दुर्बीण खाली बसवल्याने घोड्याला अंगठा पोचत नव्हता, मोजा घातल्यावर तर मुळीच नाही. घोड्याला बाजूने एक छोटी दांडी लावून घेतली. डावखुऱ्या लेकीसाठी ती दुसऱ्या बाजूला फिरवता येते, एवढ्याशा गोष्टीचा मला फार आनंद झाला. थंडीने बधिर बोटांनी, हरीण निघून गेल्यावर चढवलेला घोडा खाली आणणं, हे या बंदुकीतलं सगळ्यात नाजूक काम. आमच्याकडे त्याचा नियम असा: नळीचं तोंड जमिनीकडे, आधी बंदूक मोडून काडतूस बाहेर, मगच घोड्याला हात.

नोव्हेंबरमधल्या मुलांच्या हंगामात सोबतच्या मोठ्या माणसाला शिकार करता येत नाही. त्या शनिवार-रविवारी बंदूक एकच पुरते. लेक बसली, मी तिच्या मागे. एक मादी आली, झुडपाआड थांबली, पण समोर फांद्या होत्या. "नको," ती म्हणाली आणि घोडा चढवलाच नाही. दुसऱ्या दिवशी ६० यार्डांवर मोकळी बाजू मिळाली आणि तिने एका बारात काम केलं. हरीण थोडं चालून पडलं. सोलायचं आणि तुकडे करायचं काम बाबांनी दोन दिवस शिकवलं. माझ्या बायकोने मालवणी मसाल्यात रस्सा केला. हरणाच्या मांसाला चरबी कमी, म्हणून खोबऱ्याचं वाटप जरा जास्त लागतं.

वसंतात तीच फ्रेम २० गेजची नळी लावून टर्कीला गेली. टर्की काही मिळाली नाही, पण पहाटेच्या अंधारात नळी बदलायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

आता तिसऱ्या नळीचा विषय घरात चालू आहे. खारीसाठी बावीसची हवी असं लेक म्हणते. एक सुटी नळी विकायला आहे आणि किंमतही फार नाही. पण ती या फ्रेमवर बसवलेली नाही. बावीसचं काडतूस कडेवर पेटतं आणि मॅग्नमचं मध्यावर, म्हणून ती नळी या फ्रेमला चालेल की नाही हे कुशल बंदूककाराने पाहिल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत असं मी सांगितलं आहे. बाबांचं म्हणणं सरळ आहे: त्या पैशात जुनी बावीसची वेगळी रायफल येईल, ती घ्या आणि ही फ्रेम दोन नळ्यांवरच राहू द्या. मला त्यांचंच पटतं.