डब्यावरची अक्षरं

ट्रकच्या धंद्यातल्या माणसाला विचारलं की गाडीला काय काय लागतं, तर डिझेल, टायर, टोल आणि हप्ता ही चार नावं पटापट येतात. ऑइल त्याच्या मागून. ते रोज लागत नाही, म्हणून रोज आठवतही नाही. पण इंजिन किती वर्षं चालणार हे बरंचसं त्यावर ठरतं, आणि ते घेताना आमच्याकडे बहुतेकजण दुकानदाराला एवढंच सांगतात, "चांगलं बघून दे की!"

हे ‘चांगलं’ म्हणजे नक्की काय, यावरून गेल्या वर्षी आमच्या घरात आठ दिवस वाद चालला होता. त्यातून मला जे समजलं ते मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे. विषय वाङ्मयाचा नाही असं कुणाला वाटेल. पण वाचनाचा तो नक्की आहे.

आम्ही बेळगावचे. बाबांच्या दोन गाड्या आहेत. जुनी २०१४ सालची, तिचं कर्ज कधीच फिटलंय. नवी २०२१ सालची, तिचे हप्ते चालू आहेत. गोव्याला भाजी, पुण्याकडे फाउंड्रीचं कास्टिंग, हंगामात साखर, असं मिळेल ते भाडं. गोव्याच्या वाटेवर चोर्ल्याचा घाट लागतो. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये घाट चढते तेव्हा इंजिन सगळा जोर लावत असतं, पण वेग कमी असल्यामुळे समोरून वारा मिळत नाही. अशा वेळी तेलाची खरी परीक्षा होते.

तेलाचं काम फक्त वंगणाचं, असं मलाही आधी वाटायचं. प्रत्यक्षात ते पाच-सहा कामं एकाच वेळी करत असतं. लोखंडावर लोखंड घासू देत नाही. पाणी पोचत नाही अशा ठिकाणची, म्हणजे बेअरिंगची आणि पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता ओढून घेतं. पिस्टनची रिंग आणि लाइनर यांच्यातली फट भरून काढतं. डिझेल जळताना तयार होणारं आम्ल मारतं. आणि काजळी गोळा होऊन कुठं बसू नये म्हणून तिचे बारीक कण स्वतःत तरंगत ठेवतं. म्हणूनच डिझेल गाडीत ताजं तेल घातल्यावर ते थोड्याच वेळात काळं पडतं. "काळं झालं, म्हणजे तेल गेलं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण काळं होणं हा बऱ्याचदा तेल काम करत असल्याचा पुरावा असतो.

तेलानं काम सोडलं की काय होतं, ते आमच्या गल्लीनं बघितलंय. गल्लीतल्या एका काकांची एकच गाडी होती. त्यांनी स्वस्तात मिळाली म्हणून ऑइलची बादली घेतली. नाव मोठं होतं, पण झाकणाचं सील हाताला सैल लागत होतं म्हणे. काही महिन्यांनी कोल्हापूरच्या रस्त्यावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला आणि गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालं. ऑटोनगरात चेंबर खोलल्यावर आत डांबरासारखा थर निघाला. तेल खेचणाऱ्या नळीची जाळी त्या थरानं बुजली होती, त्यामुळं वर तेल पोचलंच नाही आणि क्रँकची बेअरिंग गेली. इंजिन कामाचा खर्च त्यांना झेपला नाही. आज ते दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहेत. त्यांची मुलगी माझ्याबरोबर शाळेत होती. बारावीनंतर तिचं शिक्षण थांबलं.

त्यामुळे बाबा एक दिवस म्हणाले, "दोन्ही गाड्यांना मिळून एक बॅरलच घेतो, स्वस्त पडतंय," तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बॅरल म्हणजे २१० लिटर. त्यावर लिहिलं होतं २० डब्ल्यू-४०, सीएफ-४. बाबांनी नमुना बोटांवर घेऊन चोळला आणि म्हणाले, "बघ, कसं घट्ट हाय!"

आमचे मिस्त्री, त्यांना आम्ही चाचा म्हणतो, तेही बाबांच्या बाजूचे. "घाटात पातळ तेल टिकत नाही. घट्टच पाहिजे."

मी गाडीचं पुस्तक काढून बसले. नव्या गाडीचं पुस्तक पिशवीतून बाहेरच निघालं नव्हतं. सगळं इंग्रजीत, बारीक टाइपात. मी बी.ए.ला आहे, यंत्रातलं मला काही येत नाही. पण वाचता येतं.

आधी आकडे समजून घेतले. १५ डब्ल्यू-४० यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा तेल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो. आकडा जितका लहान, तितकं गारठ्यात ते लवकर वर चढतं. मागचा ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेलाचा दाटपणा किती ते सांगतो. त्यासाठी ठरलेली हद्द आहे, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स. म्हणजे २० डब्ल्यू-४० काय आणि १५ डब्ल्यू-४० काय, इंजिन तापल्यावर दोन्ही त्याच हद्दीत असतात. चाचा ज्या घाटाची काळजी करत होते, तिथं दोघांत म्हणावा असा फरक नाही. फरक आहे तो सकाळच्या पहिल्या स्टार्टला. रात्रभर उभ्या गाडीचं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते वर पोचेपर्यंतच्या काही क्षणांत इंजिनाची बरीच झीज होते. बोटाला घट्ट लागणारं तेल तिथं उशिरा पोचतं.

मग अक्षरं. ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या वर्गवारीची. ‘एस’नं सुरू होणारी पेट्रोल इंजिनांसाठी, ‘सी’नं सुरू होणारी डिझेलसाठी. सीच्या पुढचं अक्षर जसजसं पुढे जातं तसतसा दर्जा नवा. सीएफ-४ हा १९९० सालचा आणि आता एपीआयनंच बाद ठरवलेला. सीआय-४ २००२ सालचा. सीके-४ डिसेंबर २०१६ पासूनचा. आमच्या जुन्या गाडीच्या पुस्तकातच सीएच-४ किंवा त्याच्या वरचं लिहिलं होतं. म्हणजे ते बॅरल नव्या गाडीलाच काय, जुनीलाही लागू नव्हतं!

जितकं नवं अक्षर तितकं चांगलं, असं मात्र डोळे मिटून धरायचं नाही. सीके-४ बरोबरच एफए-४ नावाचा आणखी एक दर्जा आला. ते तेल मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, डिझेल वाचावं म्हणून, आणि त्यासाठीच बनवलेल्या इंजिनांनाच ते चालतं. नवं आहे म्हणून आमच्या जुन्या गाडीत ते घातलं असतं तर नुकसानच झालं असतं.

नव्या गाडीचं प्रकरण वेगळं होतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि पुढे धुरावर युरियाचं पाणी मारलं जातं. ड्रायव्हर लोक त्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात. फिल्टरमध्ये साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच तापवून जाळून टाकते. पण तेलाचा थोडा अंश इंजिनात नेहमीच जळतो, आणि त्यात मिसळलेल्या कॅल्शियम, जस्त अशा द्रव्यांची राख होते. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरच्या बारीक छिद्रांत बसून राहते. म्हणून सीके-४ मध्ये राखेचं प्रमाण १ टक्क्यावर जाऊ द्यायचं नाही अशी मर्यादा आहे. जुन्या दर्जाचं, जास्त राखेचं तेल घातलं तर इंजिन सुरुवातीला मजेत चालेल. बोंब उठेल ती काही महिन्यांनी, फिल्टर बुजल्यावर. आणि त्याचा खर्च लाखाच्या भाषेतला.

हे सगळं मी बाबांना मराठीत वाचून दाखवलं. ते ऐकत होते, पण चेहरा उतरला होता. म्हणाले, "मग वीस वर्षं आम्ही काय केलं?"

मला उत्तर सुचेना. कारण बाबांच्या बोटांना खरंच कळतं. दोन वर्षांपूर्वी जुन्या गाडीची ऑइलची काडी बाहेर काढून त्यांनी तेल चोळलं, वास घेतला आणि सांगितलं, यात डिझेल उतरतंय. काडीवरची पातळीही न घालता वाढली होती. चाचांनी बघितलं तर एक इंजेक्टर गळत होता. वेळेवर कळलं म्हणून इंजिन वाचलं. तेलात पाणी शिरलं तर ते दुधाळ होतं, हेही बाबाच सांगतात. असलं ज्ञान कुठल्या डब्यावर छापलेलं नसतं.

तेच मी त्यांना म्हणाले. इंजिनात फिरून आलेल्या तेलाचं दुखणं तुमच्या हाताला कळतं. पण डब्यातल्या कोऱ्या तेलात राख किती पडणार, आम्ल मारायची ताकद किती, हे बोटाला कसं कळणार? ते वाचावंच लागतं. पूर्वी इंजिनं साधी होती, तेलाच्या जातीही मोजक्या, तेव्हा हातावर भागलं. आता गाडी बदलली, डिझेलही बदललं. जुनी गाडी घेतली तेव्हा डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत चालायचं, आता १० भाग. गंधक कमी, म्हणून आम्लही कमी.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडायला बसले. सीके-४ आपल्या आधीच्या सीएच-४, सीआय-४ यांच्या जागी चालतं, म्हणजे दोन्ही गाड्यांना एकच तेल घेता येत होतं. एका वेळी साधारण पंधरा लिटर लागतं. स्वस्त तेलापेक्षा जो जादा पैसा जाणार, तो पणजीच्या एका फेरीच्या डिझेलपेक्षा कमी भरला. बॅरलचा बेत तिथंच संपला.

चाचांनीही फार ताणलं नाही. "पुस्तकात लिवलंय तर तेच घाल की. पन फिल्टर बी नवा घाल, त्यात काटकसर नको." अगदी खरं. जुना फिल्टर ठेवून नवं तेल घालणं म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालण्यासारखं.

आता आमची पद्धत ठरलीय. तेल अधिकृत विक्रेत्याकडून, पावती घेऊन, सीलबंद बादलीतलंच. बाबा सील बघतात, मी अक्षरं. डब्यावरच्या एपीआयच्या गोल शिक्क्यात वर दर्जा आणि मधे १५ डब्ल्यू-४० असतं, ते बघायचं. इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा मंजुरी क्रमांक पुस्तकात दिला असेल तर तोही जुळवायचा. बादलीतलं उरलेलं तेल डब्यात भरून केबिनमध्ये ठेवतो. वाटेत कमी पडलं तर ड्रायव्हरनं तेच घालायचं, रस्त्यावरचं सुटं तेल नाही. तेल बघायचं ते सपाट जागी, गाडी बंद करून थोडा वेळ गेल्यावर. रिकाम्या बादलीला बाबा भोक पाडतात, म्हणजे कुणी तिच्यात भलतंच भरून विकायला नको. वापरलेलं तेल गटारात किंवा भट्टीवाल्याला जात नाही. २०१६च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे आणि परवानाधारकाकडेच द्यायचा असतो.

एक वही केलीय. तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा, किती लिटर, कधी किती वाढवलं. तेल भारी घातलं म्हणून बदलायची मुदत लांबवत नाही. पुस्तकात दिलेल्या मुदतीच्या आतच बदलतो, कारण घाट आणि भरलेली गाडी हे कष्टाचंच काम. वही मराठीत आहे, त्यामुळं ड्रायव्हरही लिहितात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी ट्रक, टेंपो किंवा ट्रॅक्टर आहे. त्याचं पुस्तक बहुतेक ठिकाणी पिशवीतच असेल. आपण कॉलेजात एवढी पुस्तकं वाचतो, घरच्यांसाठी तेवढी दोन पानं वाचायला काय हरकत आहे? वाचून दाखवताना त्यांच्या हाताला काय कळतं तेही विचारा. मला ते विचारल्यावरच बाबांनी वहीचं पहिलं पान स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

नव्या गाडीचे चौदा हप्ते अजून बाकी आहेत.