चार मिनिटांत येणारी बस

दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे अहमदाबादला गेलो ते जुन्या इमारती पाहायला. सुलतान अहमदशहाने १४११ साली वसवलेले शहर, १४२४ मधली जामा मशीद, सिदी सय्यदच्या मशिदीतली दगडी जाळी, ही नावे वर्गात फळ्यावर किती वर्षे लिहीत आलो. आता ती डोळ्यांनी पाहायची होती, आणि पाहिलीही. पण परतीच्या गाडीत आमच्या बोलण्यात जाळीपेक्षा बसच जास्त होती.

मुक्काम दाणीलिमड्याला, नात्यातल्या बहिणीकडे. तिची मुलगी युनिव्हर्सिटीच्या भागात कॉलेजला जाते. पहिल्याच सकाळी आमच्या लक्षात आले, की या घरात घाई नाही. मुलीने चहा प्यायला, ओढणी सावरली, सलाम केला आणि निघाली. आम्ही बहिणीला विचारले, "परत कधी येते?" ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मगरीबच्या आत. कधी वर्ग लांबला तरच उशीर." बसमुळे उशीर होऊ शकतो हे तिच्या मनातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीबरोबर निघालो. 'जनमार्ग'चे स्थानक रस्त्याच्या मधोमध असते. तिकीट आधीच, स्थानकात शिरताना काढायचे. फलाट बसच्या तळाइतका उंच. बस येऊन लागली की स्थानकाची आणि बसची दारे समोरासमोर उघडतात, तीही उजव्या बाजूला. एक बाई कडेवर मूल आणि हातात भाजीची पिशवी घेऊन आत गेल्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे तशा गेल्या, कोणी हात द्यावा लागला नाही. वर पाटीवर पुढची बस किती मिनिटांत येईल ते लिहिलेले होते: ४. आम्ही घड्याळ लावले. मास्तरांची खोड! पाचवे मिनिट लागायच्या आत बस आली.

बस साबरमती ओलांडून अंजलीकडे निघाली. हा मार्ग ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाला. आरटीओ ते पिराणा असा साडेबारा किलोमीटरचा पहिला टप्पा होता; पुढे तो दाणीलिमडा, कांकरिया, मणिनगरकडे वाढत गेला. बसला स्वतःची वेगळी वाट आहे, हे तर सगळेच सांगतात. पण नुसत्या वाटेने वेळ पाळली जात नाही. आपल्या पुण्यातही २००६ च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर असा वेगळा बसमार्ग झाला होता. वेळ पाळली जाते की नाही, हे बरेचसे थांब्यावर ठरते.

हे आम्ही भाचीला वहीच्या पानावर गणित मांडून सांगितले. तासाला सहा बस आहेत असे धरू. त्या दर दहा मिनिटांनी आल्या तर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच सहा बस जोडीजोडीने येऊ लागल्या तर वीस मिनिटांत एक जोडी, म्हणजे सरासरी दहा मिनिटे. गाड्या तितक्याच, इंधन तितकेच, चालकांचे पगार तितकेच, पण माणसाचे थांबणे दुप्पट. आणि जोड्या का होतात? एक बस जरा मागे पडते. पुढच्या थांब्यावर तोवर जास्त माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत, कंडक्टर सुटे पैसे शोधेपर्यंत ती आणखी मागे पडते. मागची बस रिकामी धावत येऊन तिला गाठते. तिकीट आधी काढले, पायरी नसली, दारे रुंद असली की थांबा काही सेकंदांत उरकतो आणि ही साखळी सुरूच होत नाही. शिवाय इथे बस चालवणाऱ्या ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, उतारूंच्या संख्येवर नाही. म्हणून पुढच्या थांब्यावरची माणसे आधी उचलायला कोणी शर्यत लावत नाही. भाची हसून म्हणाली, "इतका विचार तर आम्ही कधी केलाच नाही." बरोबरच आहे. वेळेवर येणाऱ्या बसचा विचार कोण करतो?

सगळेच गोड होते असे नाही. स्थानक रस्त्याच्या मध्ये, म्हणून तिथे जायला धावत्या वाहनांतून रस्ता ओलांडावा लागतो. म्हाताऱ्यांना तो जड जातो. मोटारसायकलवाले बसच्या वाटेत घुसतात. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत तर वेगळी वाट काढणार कुठून? सिदी सय्यदची जाळी पाहून बाहेर आलो, तर जवळच लाल दरवाजाचे बसस्थानक. तिथून १९४७ पासून चालत आलेल्या महापालिकेच्या साध्या बस सुटतात. त्यांना रहदारीतूनच वाट काढावी लागते, आणि शहराच्या कानाकोपऱ्यात पोहोचतात त्याही.

आता हे सगळे लिहायचे कारण. आमच्या शाळेतली एक मुलगी दहावीला ८८ टक्के घेऊन पास झाली. ज्युनिअर कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिने दोन महिने ये-जा केली आणि बंद झाली. आम्ही घरी गेलो. वालिद जुन्या विचाराचे असतील, समजवावे लागेल, अशी तयारी करून गेलो होतो. ते म्हणाले, "सर, शिकू नको असं मी म्हटलंच नाही. पण सुटल्यावर बस कधी पाच वाजता, कधी पावणेसात. अंधारात थांब्यावर पोरगी उभी, आणि मी कामावर. तुम्ही सांगा." आमच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. आम्ही चहा पिऊन परत आलो.

अहमदाबादहून आल्यावर पुन्हा त्यांच्याकडे गेलो. आमच्या शहरात लगेच वेगळा बसमार्ग होणार नाही, हे आम्हालाही कळते. पण संध्याकाळच्या तीन बस ठरलेल्या वेळी सुटाव्यात आणि त्या वेळा थांब्यावर लिहिलेल्या असाव्यात, एवढे तर मागता येईल. अर्जाला आकडे हवेत, म्हणून आम्ही दोघे शाळा सुटल्यावर आळीपाळीने त्या थांब्यावर उभे राहतो. मुलीच्या वालिदांनी रविवारचा दिवस स्वतःकडे घेतला आहे. नोंदवही मुलीचीच आहे, रकाने तिनेच आखलेत. पहिल्या दिवसाची नोंद: ५.१२, ५.१४, मग थेट ६.३१.