फिरत्या धातूचा आवाज

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हिंडताना लेथचा आवाज मला इतर यंत्रांच्या गलक्यातूनही ओळखू येतो. ड्रिल असो वा मिलिंग, हत्यार फिरतं आणि जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, स्वतः फिरत नाही. लेथवर मात्र जॉबच फिरतो आणि हत्यार त्याच्या वाटेत ठाम उभं राहतं. त्यातून गोलाई जन्माला येते.

टर्नरचा पहिला धडा हिशेबाचा. एक मिलिमीटर खोल कट घेतला की व्यास दोन मिलिमीटरनं घटतो. दुसरा धडा जिवाचा: सैल बाही नको, हातमोजे नकोत, चकची चावी चकमध्ये विसरायची नाही. पुढचं शिक्षण कान-डोळ्यांचं. बीड कापताना काळपट भुकटी पडते, पितळेचे कण ठिणग्यांसारखे उडतात, नरम पोलादाची लांब वळणदार साल निघते. ती निळी पडली की उष्णता वाढली. आवाज किरकिरा झाला की टूल बोथट झालं, नाहीतर जॉब थरथरतोय. मायक्रोमीटर येतो तो नंतर, खात्री करायला.

लाकूड तर आणखी बोलकं. आपल्याकडचे कातारी दोरीवर फिरणाऱ्या सांगाड्यावर, म्हणजे लाकडाच्या लेथवर, पाळण्याचे खांब, बाजेचे पाय, भोवरे घडवत. एकानं दोरी ओढायची, लाकूड पुढे-मागे फिरायचं, आणि पटाशी एकाच दिशेच्या फेऱ्यात कापायची. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घासण्याच्या उष्णतेनंच लाख मऊ होऊन अंगाला बसते, आणि केवड्याच्या पानानं तिला चकाकी येते. कुंचला लागतच नाही. हे पाहताना मी दरवेळी हरखून जातो.

1800च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेनं हत्यार माणसाच्या मुठीतून काढून सरकत्या बैठकीवर बसवलं आणि गिअरच्या आधारानं एकसारखे आटे पाडले. त्यामुळे लेथवर दुसऱ्या लेथचे अचूक स्क्रू घडू लागले. पुढे 1941 मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी उभी राहिली आणि देशी लेथ आपल्या वर्कशॉपांत आले.

आज संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र तोच व्यास हजारदा देतं. पण उसाच्या हंगामात शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट झिजला, एकच बुश हवा असला, की तो साध्या लेथवाल्याचंच दार ठोठावतो. ते दार उघडायला माणूस हवा. आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा असतो; घरातलं मूल दहावीनंतर तो घेतो म्हणालं, तर त्याला अडवू नका.