सेमाडोहचा पावसाळा आणि धान्यकोशाची किल्ली

मुक्तागिरीची बावन्न मंदिरे पाहून परतवाड्यास उतरलेला यात्रेकरू सहसा अमरावतीची वाट धरतो. धारणीच्या रस्त्यास लागणारा विरळा. तो रस्ता घटांगचा घाट चढून सागाच्या दाट रानातून सेमाडोहला पोहोचतो. सिपना नदीच्या काठी वसलेले हे गाव १९७४ साली स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील प्रवाशांचे विसाव्याचे ठिकाण आहे. निवासाच्या कुट्या, वाघाच्या आशेने आलेली मंडळी, चहाच्या टपऱ्या. पाहुण्याला एवढेच दिसते.

पाहुण्याला न दिसणारी गोष्ट घराघरांतल्या कणगीत असते. मेळघाटचे मूळ रहिवासी कोरकू. उतारावरच्या हलक्या जमिनीत कुटकी, कोदो, मका, ज्वारी पिकते, आणि दिवाळीच्या आसपास कणग्या भरतात. आषाढ-श्रावणात त्या तळाला लागतात. शेतात निंदणीचे काम ऐन भरात, अंगमेहनत सर्वांत अधिक, आणि घरात धान्य सर्वांत कमी. १९९३ च्या पावसाळ्यात येथील बालमृत्यूंनी अवघा महाराष्ट्र हादरला, तोही याच दिवसांत.

या दिवसांत धान्य मिळत नसे असे नाही. ते सवाईने किंवा दिढीने मिळे. आषाढात एक मण नेले की सुगीत सव्वा अथवा दीड मण परत. व्यापारी घरातील वाचकास हा हिशेब उलगडून सांगावयास नको. चार महिन्यांत पंचवीस वा पन्नास टक्के! त्यातही धान्य महाग असताना घेतलेले आणि स्वस्त असताना फेडलेले. रुपयांत मांडले तर आकडा वेगळाच निघतो.

या फासावर उपाय म्हणून केंद्र सरकारने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकेची योजना आणली. तीस-चाळीस कुटुंबांनी एकत्र यावे, सुरुवातीचे धान्य सरकारने द्यावे, आणि पुढचा कारभार गावाने पाहावा, अशी तिची रीत. सभासद पावसाळ्यात कोठारातून धान्य उचलतो व सुगीनंतर थोड्या वाढाव्यासह परत भरतो. हा वाढावा सावकाराच्या घरी जात नाही, कोठारातच साठतो. पुढील वर्षी तेवढे अधिक वाटता येते.

इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ मध्ये अठ्ठावीस कामगारांनी पीठ, लोणी, साखर विकणारे आपले दुकान काढले, तेव्हा त्यांचा कडक नियम होता: उधारी नाही. धान्यकोशाचा तर सारा धंदाच उधारीचा! म्हणून त्याची कसोटी अधिक अवघड. रॉचडेलचे दुकान ग्राहक गेला तर तोट्यात जाते. धान्यकोश सभासदाने न फेडल्यास रिकामा होतो, आणि ते रिकामेपण कळते ते पुढच्या आषाढात.

मग फेड होते कशाच्या बळावर? कागदावरील सहीपेक्षा डोळ्यांदेखत झालेल्या मापावर. पायली सर्वांसमोर भरावी, माप एकच असावे, नेतानाही तेच आणि भरतानाही तेच. वहीत नोंद करणारा एक आणि किल्ली सांभाळणारा दुसरा असावा. ओलसर धान्य परत घेऊ नये. एका पोत्याची ओल साऱ्या थप्पीला बुरशी लावते. ज्याचे पीक खरोखरच बुडाले त्याला मुदत द्यावी, पण ती सभेत द्यावी, घरी बोलावून नव्हे. हे नियम कोणत्याही पेढीस लागू पडतील असेच आहेत. जेथे ते सैल झाले, तेथे सरकारी धान्य एका पावसाळ्यात वाटले जाते आणि उरते फक्त कुलूप.

होळी झाली की अनेक कोरकू कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात. त्यामुळे वसुली होळीपूर्वीच, कणगीत धान्य असताना, करावी लागते. आणि त्याच वेळी खाण्याच्या धान्यापासून कुटकीचे बियाणे वेगळे काढून बांधून ठेवावे लागते, कारण श्रावणातील भूक बियाणे ओळखत नाही.